बाजारात आलेली पेटी

फार जुन्या काळी, दूरचा प्रवास बैलगाडीनेच व्हायचा तेव्हा, डोंगरापलीकडे एक गाव होतं. तिथला बैलबाजार साऱ्या राज्यात नावाजलेला. बाजारात आलेल्या प्रत्येक बैलाचं तोंड उघडून दात पाहिले जायचे. बैल कितीही धडधाकट दिसो, दात पाहिल्याशिवाय कुणी त्याचं दावं हातात घेत नसे.

माणसांचे दात मात्र कुणी पाहत नसे. दाढ दुखली की लवंग धरायची. गाल सुजला की गाडी जुंपायची आणि डोंगर ओलांडून राजधानी गाठायची. तिथे राजवाड्याच्या दाराशी दातांचे वैद्य बसत. वैद्य भले होते, त्यांचा हात हलका होता. पण ज्याचं दुखतं त्याने त्यांच्याकडे जावं, असा रिवाज होता.

त्या गावात एक तरुण गाडीवान राहायचा. आईबाप गेल्यावर थोरल्या बहिणीने त्याला वाढवलं होतं. बहिणीचा नवराही वारला होता आणि तिला एक लहान मुलगी होती. ऐन सुगीत बहिणीची दाढ ठणकू लागली. "एवढं पीक घरात येऊ दे, मग जाऊ," असं ती म्हणत राहिली. पीक घरात आलं तेव्हा गाल सुजून तिचा डोळा मिटला होता, अंग तापाने भाजत होतं. भावाने बैल पळवले. पण घाट अर्धाच चढून झाला आणि मागचं कण्हणं थांबलं.

दिवस-कार्य उरकलं. भाऊ जेवायला बसला तेव्हा त्याने पाहिलं, भाची भाकरी एकाच बाजूने चावत होती. तो ताटावरून तसाच उठला आणि गाडी जुंपून निघाला.

"माझी आक्का दातानं मेली," तो वैद्यांना म्हणाला. "दातानं कुणी मरतं का?"

"दातानं नाही, उशिरानं," वैद्य म्हणाले. "आधी नुसता काळा ठिपका असतो. तेव्हा आली असती तर खरवडून भरला असता."

"ठिपक्यासाठी डोंगर कोण ओलांडणार? तुम्ही ओलांडाल?"

"मी इथं बसतो, बाबा. दुखणेकऱ्यानं यायचं असतं."

"आमच्याकडं बैलाचे दात बघणारा घरात बसून राहत नाही. तो बाजारात येतो आणि एकेका बैलाचं तोंड उघडतो. बैल हंबरेपर्यंत थांबत नाही." एवढं बोलून त्याने वैद्यांची अवजारांची पेटी उचलली आणि गाडीत ठेवली. "पेटी निघाली. तुम्हाला यायचं तर या."

वैद्य पेटीकडे पाहत राहिले. मग धोतर सावरून गाडीत चढले. "हाकताना जरा दमानं घे," ते म्हणाले. "माझी हाडं तुझ्या बैलांएवढी तरणी नाहीत."

बाजाराच्या दिवशी वैद्य बाभळीखाली बसले. लोक जमले, पण पुढे कुणी येईना.

"तोंड उघडून दाखवायला आम्ही काय विकायला काढलेले बैल आहोत?" एक शेतकरी फणकारला.

"माझे दात तर बघूच नका, वैद्यबुवा," एक म्हातारा म्हणाला. "घरात माझा भाव आधीच पडलाय."

सगळे हसले. गाडीवान हसला नाही. तो आपल्या दोन बैलांच्या मध्ये मांडी घालून बसला आणि त्याने मोठा आ केला. "बघा. माझ्यापासून बघा."

वैद्यांना मागच्या दाढेत काळा ठिपका सापडला. त्यांनी तो खरवडला, वर लेप भरला.

"झालं," वैद्य म्हणाले.

"एवढंच?"

"एवढंच."

गाडीवानाने बैलाच्या मानेत तोंड खुपसलं. "एवढ्यासाठी गेली आक्का," तो म्हणाला.

भाची गाडीचं चाक धरून उभी होती. तिने ओठ घट्ट मिटले होते. "मामा, मला आईसारखं गाडीत घालून नेणार?"

"नाही गं. कुठंच न्यायचं नाही. वैद्यबुवाच इथं आलेत."

मुलीने हळूच तोंड उघडलं. दाढ किडली होती, पण कीड मुळापर्यंत गेली नव्हती. वैद्यांनी वाकून नीट पाहिलं. "वेळेत आलो," ते म्हणाले आणि त्यांनाच केवढं हायसं वाटलं.

तिच्यामागे म्हातारा बसला, त्याच्यामागे फणकारलेला शेतकरी. वैद्यांनी दात पाहिले, बाभळीची काडी कशी फिरवायची ते दाखवलं, गूळ खाल्ल्यावर चूळ भरायला सांगितलं. मग ते दर सुगीआधी त्या बाजाराला येऊ लागले.

काही वर्षांनी राजाने विचारलं, "त्या डोंगरापलीकडच्या गावातून सुजलेला गाल घेऊन कुणी येत नाही. गाव रुसलंय का?"

"नाही, महाराज," वैद्य म्हणाले. "कुणी येत नाही, हीच तिथली खुशाली आहे."

तेव्हापासून राज्यातल्या प्रत्येक बाजारात दातांच्या वैद्याची जागा ठरली.

आणि गाडीवान? एकदा राजधानीच्या बाजारातून परतताना मागून कडकन आवाज आला. त्याने दचकून वळून पाहिलं. गाडीत भाची ऊस सोलत होती, दातांनी, दोन्ही बाजूंनी. त्याने कासरा सैल सोडला. बैल आपल्या चालीने घाट उतरू लागले.

तात्पर्य : दुखणं घरात शिरण्याआधी वैद्यच दाराशी पोचला, तर घरातलं माणूस घरातच राहतं.