रुंजीची उडी

फार पूर्वी एका डोंगरकड्यावर वानरांचा कळप राहत असे. त्यातली रुंजी नावाची वानरी मोठ्या तापातून नुकतीच उठली होती. तिचे हात इतके गळून गेले होते, की पोटाशी बिलगलेलं पिल्लूही तिला जड वाटे.

उन्हाळा वाढला आणि झरा आटू लागला. म्होरक्या म्हणाला, "पुढच्या पुनवेला पाण्यासाठी दरी ओलांडायची. रुंजे, तुला ती उडी झेपायची नाही. पिल्लू आमच्याकडे दे आणि तू मागे राहा."

"अजून महिना आहे, नाईक," रुंजी म्हणाली.

अंग कमवायला एका अस्वलाची तालीम होती, तिथं उचलायला दगडी गोटे होते, पण ती दोन डोंगर पलीकडे. मग रुंजी आपल्या राहत्या उंबराच्याच फांदीला लोंबकळली. तीन श्वासांत हात सुटले. दुसऱ्या दिवशी ती चार श्वास टिकली. दंड ठणकत, तळवे सोलवटत, तरी ती रोज अंग वर ओढू पाही. विसाव्या दिवशी तिची हनुवटी फांदीला लागली. मग ती पिल्लाला पोटाशी घेऊन तेच करू लागली.

पुनवेच्या सकाळी तिनं पिल्लासकट उडी घेतली. पाय पोचले नाहीत. पलीकडच्या झाडाची फांदी फक्त हातांत आली. आधीच पलीकडे पोचलेल्या म्होरक्यानं हात पुढे केला, पण तो पुरेना.

"घट्ट धर, बाळा," म्हणत रुंजीनं दोघांचा भार वर ओढून घेतला.

"कुणाच्या तालमीत जात होतीस गं?" म्होरक्यानं विचारलं.

"कुठं जाणार, नाईक? घरीच होते," ती म्हणाली आणि पिल्लाला पाणी पाजायला निघाली.