चहूबाजूंना दादासाहेब

दादासाहेब रणनवऱ्यांनी विहिरीसकट जमिनीचा तुकडा एवढ्या स्वस्तात विकायला काढला, तेव्हाच सगुणाबाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. खरेदीच्या दिवशी दस्त लिहिणारे मुळे चतुःसीमा मोठ्याने वाचत लिहू लागले, "पूर्वेस दादासाहेब, पश्चिमेस दादासाहेब, दक्षिणेस आणि उत्तरेसही दादासाहेबच."

"मग मी शेतात उतरू कुठून? आभाळातून?" सगुणाबाईंनी विचारलं.

"माझ्या रानातून जा की! कोण अडवतंय?" दादासाहेबांनी मिशीवर हात फिरवला. "माझा शब्द आहे. तो कागदावर कशाला?"

शब्द एवढा पक्का, तर कागदाची एवढी धास्ती का? बाईंची आता खात्रीच पटली. त्या गोड आवाजात म्हणाल्या, "बरं तर. मधला तुकडा तुम्हीच ठेवा. तेवढ्याच पैशांत मला सडकेलगतची पट्टी द्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तुम्ही खुशाल माझ्या पट्टीतून ये-जा करा. माझाही शब्द आहे."

दादासाहेब ताडकन उठले. "वा! आणि उद्या तुम्ही फिरलात तर? शब्दावरून बैलगाडी जाते होय?"

मुळ्यांची लेखणी थांबली.

"मुळेकाका, थांबलात का?" बाई म्हणाल्या. "दादासाहेबांचं म्हणणं मला पटलं. त्यांच्या रानातून आठ फुटांची गाडीवाट लिहा."