हौसाची बहीण आणि कारवीचा डोंगर

एक होता डोंगर. राजा मागून येतो, दम धरा जरा. आणि भिक्या, पांघरूण सगळ्यांचं आहे, ओढू नकोस.

तर त्या डोंगरावर कारवीच कारवी. कारवी म्हणजे माणसाहून उंच झुडूप, बरं का. सहा वर्षं नुसती पानं, आणि सातव्या वर्षी फुलतं ते असं, की सगळा डोंगर जांभळा. मग बी धरतं, आणि तेव्हा कुठे लोक काठ्या तोडून कुडाच्या भिंती बांधतात. आधी नाही. न फुललेल्याला कोयता लावायचा नाही, ही त्या डोंगराची चाल. जो मोडील त्याला कड्यावरच्या पाण्यातली आसरा देवी झुडूप करून टाकायची. फुलेपर्यंत राहा उभा. फुलल्यावर कुणी ओळखून नावानं हाक मारली, तरच सुटका.

तिथं दोघी बहिणी राहायच्या. थोरली हौसा, धाकटी बायजा. आईबाप नव्हते, एकीला दुसरी तेवढीच. एकदा काय झालं, गोठ्याची भिंत पडली. जुन्या काठ्या आणायला खालच्या गावी जायला हवं होतं. पण बायजा आळशी, अगदी तुमच्यासारखी. "एका काठीनं काय होतंय?" म्हणाली, नि दारातल्या हिरव्या झुडपावर मारला कोयता. झालं! पायाला मुळं फुटली, हाताला पानं फुटली. बायजाचं झुडूप झालं.

हौसा रडली का? रडली की. मग डोळे पुसले आणि रोज पाणी घालायला लागली. दिसायला ते थेट कारवी, पण कारवी नव्हे, कारवीची बहीण म्हणा. हौसानं हात फिरवून फिरवून ओळख करून घेतली. कारवीच्या खोडाला पुटकुळ्या, बायजाचं खोड गुळगुळीत. कारवीचं पान गाईच्या जिभेसारखं खरखरीत, बायजाचं वासराच्या कानासारखं लवदार.

मग सातवं वर्ष आलं. डोंगर फुलला, फुलं गळली, बी धरलं. बायजा आपली ढिम्म. एक कळी नाही. बाया म्हणाल्या, "सोड गं नाद तिचा." हौसा म्हणाली, "फुलेल. लहानपणापासून उशिराच उठते ती."

आता आला राजा. नाव गर्जनसेन. त्याला शिकारीला उतरायला डोंगरावर महाल हवा होता. कोयतेवाले जमवले नि म्हणाला, "सगळा डोंगर साफ करा!" सुरुवात नेमकी हौसाच्या दारातून.

हौसा आडवी आली. "बाकीची न्या. हिला हात लावायचा नाही. ही माझी बहीण आहे."

राजा हसला. "पान तसंच, खोड तसंच. सगळं एकच!"

"तुम्हाला एकच. मला नाही."

राजाला आला राग. एवढीशी पोर, आणि उलट बोलते! म्हणाला, "मग डोळे बांधून ओळख. तीनदा ओळखलंस तर झुडूप तुझं. चुकलीस तर कोयता."

मग डोळे बांधले. पहिल्यांदा नुसतं खोड चाचपायचं. हौसा एकेका खोडावरून हात फिरवत गेली, एकाशी थांबली. "ही." बरोबर! दुसऱ्यांदा नुसतं पान गालाला लावायचं. लावलं एक, लावलं दुसरं, आणि हसली. "ही." तेही बरोबर! मग तिसऱ्यांदा राजानं काय केलं? लबाडी! तिला गोल फिरवलं नि पठाराच्या पार दुसऱ्या टोकाला नेलं. तिथं साऱ्या कारवीच. "हं, ओळख आता."

हौसानं सगळी झुडपं चाचपली. परत चाचपली. "यात माझी बहीण नाही."

"एकीकडे बोट दाखव, नाहीतर हरलीस!"

"हरले तर हरले. तुम्ही म्हणता म्हणून परकीला बहीण म्हणू? नाही म्हणणार!" आणि डोळ्यांवरची पट्टी काढून फेकून दिली. शाब्बास गं पोरी!

राजा ओरडला, "हरली ही! तोडा ते झुडूप!"

कोयतेवाल्यांत म्हातारा गोमाजी होता. त्यानं कोयता खाली ठेवला. "न फुललेल्याला लावत नाही आम्ही, महाराज." मग दुसऱ्यानं ठेवला, मग सगळ्यांनीच ठेवले. राजा लालबुंद. स्वतःच कोयता उचलून धावला. हौसा आधीच पोचली होती. झुडपाला घट्ट मिठी मारून म्हणाली, "आधी माझ्यावर चालवा!" राजानं तिच्या खांद्यावरून कोयता घातला. एक डहाळी तुटली मात्र, राजाच्या बुटातून मुळं फुटली, मिशांना पानं फुटली. तिथल्या तिथं राजाचं झुडूप!

पुढल्या साली, डोंगर सगळा हिरवा असताना, एकटी बायजा फुलली. अशी फुलली, की पान दिसेना. हौसानं हाक मारली, "बायजे, ऊठ!" आणि बायजा डोळे चोळत पुढ्यात उभी. करंगळीचं नख तेवढं गेलं होतं. दोघी गळ्यात पडून पोटभर रडल्या.

आणि राजा? तो पुढच्या फुलोऱ्याला कारवीबरोबर फुलला. राणी आली, प्रधान आला. कुणाला ओळखता येईना. हौसाला येत होतं, बरं का! तिनं खोड चाचपलं, कमरेवर हात ठेवले नि म्हणाली, "पान तसंच, खोड तसंच. सगळं एकच!" नि गेली गुरांना पाणी पाजायला.

सुटला की नाही विचारतेस, चिंगे? सुटला गं. त्याच्या पुढच्या फुलोऱ्याला बायजानं हाक मारली, ती पहिल्यापासून मऊ मनाची. राजा डोंगराला हात जोडून घरी गेला. दोघी बहिणींनी गोठ्याची भिंत तर केव्हाच बांधली होती, वाळक्या काठ्यांची. सगळी सुखात राहिली. आता तुम्हीही मिटा डोळे. आणि सकाळी कुणी उशिरा उठलं, तर मी नावानं हाक मारणार आहे.