शिंप्याचं टेबल आणि मेणाखालचे खिळे

एका गावात एक म्हातारा शिंपी होता. जोंधळ्याचा डबा घेऊन तो गिरणीत नंबर लावून बसला होता, तेव्हा पुढच्या दोन बायकांचं बोलणं त्याच्या कानावर आलं.

“शिंप्याकडे रविवारी सुतार येणार म्हणे. सुनेनेच बोलावलाय. म्हाताऱ्याचं ते टेबल कापणार, आणि म्हाताऱ्यालाही त्या खोलीतून…”

तेवढ्यात गिरणी सुरू झाली आणि पुढचं सगळं घरघरीत बुडालं.

टेबल सागवानी, दाराएवढं लांब. चाळीस वर्षं त्यावर त्याने गावाचं कापड बेतलं होतं. आता गुडघ्यांमुळे उभं राहवत नव्हतं, टेबलावर गोधड्यांचा ढीग साठला होता. पण टेबल होतं तोवर तो शिंपी होता. ते गेल्यावर कोण? आणि ‘त्यालाही त्या खोलीतून’ म्हणजे कुठे? लेकीच्या दारात? की शहरात म्हाताऱ्यांना नेऊन ठेवतात तिथे?

सुनेला सरळ विचारलं असतं तर काम झालं असतं. पण ती ‘हो’ म्हणाली तर?

“मामंजी, भाकरी तशीच ठेवलीत?” रात्री जेवताना सून म्हणाली.

“भूक नाही गं.”

ती काहीतरी बोलायला आली आणि तशीच परत फिरली. ते पाहून तर त्याची झोपच उडाली.

शनिवारी सून बाजाराला गेली. शिंप्याने टेबलाच्या मधोमध ओळीने बारा बारीक खिळे ठोकले. डोकी आत दाबली, वर दोऱ्याला लावायचं मेण भरलं आणि बोटाने धूळ चोळली. करवत अडेल, सुतार कंटाळेल, टेबल वाचेल, असा त्याचा हिशेब.

रविवारी सुतार आला तो विजेची करवत घेऊन.

“हाताची नाही आणली?” शिंप्याने घाबरून विचारलं.

“आता कोण हाताने ओढत बसतंय, काका? ही एका दमात आरपार जाते. फक्त खिळा लागला तर पात्याचा तुकडा कुणाच्या डोळ्यात जाईल, नेम नाही. म्हणून जुन्या लाकडावर घरातल्या थोरल्याचा हात ठेवून घ्यायचा, ही आमची रीत. ठेवा हात. लाकूड साफ आहे ना?”

शिंप्याने हात ठेवला. बोटांखाली मेण लागलं. समोर सून टेबलाचं दुसरं टोक धरून उभी होती.

“सांगा ना मामंजी, हात भरून आले माझे.”

बोलावं तर टेबलही जाणार आणि तोंड दाखवायला जागाही उरणार नाही. सुताराने बटणाकडे हात नेला.

“थांब!” शिंपी ओरडला. “खिळे आहेत. बारा. मीच ठोकलेत.”

सुताराने करवत खाली ठेवली. सुनेचा चेहरा पांढरा पडला. शिंप्याने मान खाली घालून गिरणीतलं सगळं सांगितलं.

सुनेने टेबलाचं टोक सोडलं. “टेबल कापायचंय, खरं आहे. अर्धं तुमच्या नातीला अभ्यासाला. अर्ध्याचे पाय कमी करायचे, म्हणजे तुम्हाला खुर्चीत बसून कापड बेतता येईल. आणि खोलीही हवीय, पोरीची दहावी आहे. तुमची खाट बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी लावायची. पण खोली सोडा म्हणून तुम्हाला सांगायचा धीरच होईना.”

“आणि लेकीकडे धाडायचं?”

“असं कोण म्हणालं?”

शिंप्याने गिरणीतलं बोलणं आठवून पाहिलं. तसं कुणीच म्हणालं नव्हतं.

दुपारभर सुतार पकडीने खिळे उपसत राहिला. लाकूड तिथे तडकलं होतं, वीतभर पट्टी काढून टाकावी लागली. “पोरीचं पुरतं कर, कमी पडेल ते माझ्यातलं घे,” शिंपी म्हणाला.

त्याच्या वाट्याचं टेबल आखूड झालं. मोठ्यांचे सदरे त्यावर मावेनात, म्हणून तो लहान मुलांची झबली बेतू लागला. खोली गेली ती गेलीच. घरातून मात्र त्याला कुणी हलवलं नाही.

तात्पर्य इतकंच: अर्धं कानावर आलं, तर उरलेलं अर्धं मनाने रचू नये, घरात विचारावं. आणि ज्याला सांगायचं, त्याला गावाच्या आधी सांगावं.