भिंतीवरची डहाळी

फार वर्षांपूर्वी सागाच्या एका रानात रेवा नावाची सायाळ राहत असे. आपल्याच गळलेल्या काट्याने ती वाळक्या पानांवर चित्रं काढी. मासे, वेली, पिसं, चांदण्या... अशा पानांचा तिच्याकडे ढीगच साठला होता.

शेजारची सशीण बाळंत व्हायची होती. तिने बिळातली भिंत ओल्या मातीने लिंपली आणि म्हणाली, "रेवाताई, हिच्यावर छान नक्षी काढून द्या. माती सुकायच्या आत मात्र व्हायला हवी."

रेवा हरखली आणि पानांचा ढीग घेऊन बिळात गेली. ढिगातलं सगळंच तिने भिंतीवर काढलं. मागे सरून पाहते तर मासा वेलीत अडकलेला आणि चांदण्यांवर पिसं चढलेली.

"भिंत नासवली मी!" ती रडवेली झाली.

सोबत आलेलं म्हातारं कासव म्हणालं, "अगं, माती अजून ओली आहे. पुसून टाक. आणि मला सांग, एवढ्या पानांतलं एकच ठेवायचं झालं, तर कोणतं ठेवशील?"

रेवाने बराच वेळ पानं चाळली आणि कडुनिंबाच्या डहाळीचं लहानसं चित्र उचललं. भिंत सारखी करून तिने ती डहाळी काढली. शेजारी तीच उलटी काढली, मग पुन्हा सुलटी. मधे मोकळी जागा राहत होती, तिथे एकेक निंबोळी बसवली. माती सुकता सुकता शेवटची ओळ भरली.

सशीण आत आली. तिची नजर डहाळीमागून डहाळी भिंतभर फिरली. मग ती तिथेच पाय पसरून बसली आणि म्हणाली, "पिल्लं इथंच होऊ देत."

रेवाच्या अंगावरचे काटे इतका वेळ ताठ उभे होते. ते अलगद खाली बसले.