नगरसेवक नेहेते यांचा प्रश्न

परदेशातल्या व्यावसायिक संघात बरीच वर्षं बेसबॉल खेळून गिरीश नेहेते गावी परतला आणि लोकांनी त्याला नगरसेवक केलं. नगरपालिकेत मात्र तो पार गोंधळून गेला. वॉर्डातले नळ कोरडे म्हणून पाणीपुरवठा विभागात गेला, तर त्यांनी त्याला बांधकाम विभागाकडे धाडलं, त्यांनी लेखा विभागाकडे, लेखाने नगराध्यक्ष बोंडेसाहेबांकडे, आणि साहेबांनी पुन्हा पाणीपुरवठ्याकडे.

सर्वसाधारण सभेत त्याने नळांचा विषय काढताच बोंडेसाहेब हसले. "नेहेते, मैदान वेगळं आणि कारभार वेगळा. तुमच्या खेळात काय, गोल पळायचं आणि निघालात तिथेच परत यायचं."

मागे बसलेल्या वॉर्डातल्या बाया त्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

"खरंय साहेब," तो चाचरत म्हणाला. "पण तिकडे चारही टप्पे फिरून घरी आलं, की एक धाव मिळायची. इथे चारही टेबलं फिरून घरी आलो, तर हंडा रिकामाच. इथला नियम तेवढा समजावून सांगा."

सभागृहात हशा पिकला. शेवटी पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याला उभं करून साहेबांना सांगावंच लागलं, "उद्या सकाळी त्या वॉर्डात पाणी सोडा."

नेहेते शेजारच्या सदस्याकडे वाकला. "सगळे हसले का हो? मी खरंच नियम विचारत होतो."