सोपानशेटची अकरा बटणांची शेगडी

घाटावरच्या एका गावात सोपानशेट उंबरकर नावाचा एक दानशूर गृहस्थ राहत होता. लग्नाच्या मांडवाचं सामान भाड्याने द्यायचा त्याचा धंदा होता आणि तो बरा चालायचा. सोपानशेटला देण्याची हौस होती. दिलेल्या वस्तूवर नाव घालण्याची त्याहून जास्त होती. एस.टी.च्या थांब्यावर त्याने बाक दिला, तर टेकून बसणाऱ्याच्या पाठीला त्याच्या नावाची अक्षरं रुतायची. शाळेला पाण्याची टाकी दिली, तर टाकीवरचं नाव पलीकडच्या डोंगरावर गुरं राखणाऱ्यांनाही वाचता यायचं. लग्नात साधा तांब्या द्यायचा झाला तरी त्यावर 'सोपानशेट उंबरकर यांजकडून सप्रेम भेट' एवढं सगळं बसलंच पाहिजे. तांब्या लहान पडला तर तो मोठा तांब्या घ्यायचा, पण नाव लहान करायचा नाही.

माणूस मनाने वाईट नव्हता. आपल्याकडून कुणाला काही मिळालं की त्याला खरंच आनंद व्हायचा. फक्त तो आनंद सगळ्यांनी वाचावा, एवढंच त्याचं म्हणणं असायचं.

त्याची धाकटी बहीण यमुना त्याच गावात राहायची. नवरा गेल्यापासून ती घाटाच्या वळणावर मक्याची कणसं भाजून विकायची. गाड्या दरी बघायला तिथे थांबत. भाऊ मदत करायला तयार होता, पण ती म्हणायची, "माझे हात धड आहेत तोवर मी कुणापुढं हात पसरणार नाही." पाठीमागे झोपडी, पुढे पत्र्याचं छप्पर, त्याखाली कोळशाची शेगडी. एका हाताने कणीस फिरवायचं, दुसऱ्या हाताने पंख्याने वारा घालायचा. घाटातला वारा मोठा खोडकर. यमुना कुठल्याही बाजूला बसली तरी तो धूर नेमका तिच्याच तोंडावर आणून सोडायचा. अशी आठ वर्षं गेली, आणि यमुनाचे डोळे लाल होऊन सारखे गळायला लागले.

तालुक्याच्या डॉक्टरने तपासलं आणि स्वच्छ सांगितलं, "बाई, धूर बंद करा. नाहीतर हे डोळे फार दिवस साथ देणार नाहीत."

धूर बंद करायचा म्हणजे धंदा बंद करायचा, आणि धंदा बंद करायचा तर खायचं काय? यमुनाने हे भावाला सांगितलं तेव्हा सोपानशेट त्या दिवशी भरल्या ताटावरून उठला. राखीपौर्णिमा आठ दिवसांवर आली होती. त्याने ठरवलं की यंदा ओवाळणीत साडी नाही, बहिणीला गॅसवर चालणारी, जाळीवर भाजायची शेगडी द्यायची. धूरही नाही आणि कोळसाही नाही.

तालुक्याला गोदाकाकू तांबटांचं भांड्यांचं दुकान होतं. काकूंची वस्तू खात्रीची आणि जीभही खात्रीची. त्यांनी आधी एक बुटकी शेगडी पुढे केली. वर बिडाची जाळी, तीन बाजूंनी वारा अडवायला पत्रा आणि खाली दोन बटणं. तिच्या शेजारी दुसरी उभी होती. तिला चार चाकं होती, आत दिवा होता, उष्णता मोजायचं घड्याळ होतं, अकरा बटणं होती आणि वर आरशासारखं लखलखीत, रुंद झाकण होतं. सोपानशेटची नजर त्या झाकणावरून हलेना.

काकूंनी विचारलं, "वापरणार कोण?"

"बहीण. कणसं भाजते ती वळणावर."

"बसून भाजते की उभ्याने?"

सोपानशेटने डोकं खाजवलं. हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. "भाजते," तो म्हणाला.

"हात कोरडे असतात की लिंबामिठाचे? तिथं वारा किती असतो?"

"काकू, मी शेगडी घ्यायला आलोय, साक्ष द्यायला नाही."

काकूंनी बुटक्या शेगडीवर हात ठेवला. "मग ही घ्या. बटण फिरवलं की पेटते आणि उलटं फिरवलं की विझते. बिघडली तर मी इथेच दहा मिनिटांत उघडून देते."

"आणि ती?"

"ती दिसते छान," काकू म्हणाल्या.

सोपानशेटने मग त्याचा नेहमीचा प्रश्न विचारला, "हिच्यावर नाव कुठे बसेल?" काकूंनी बुटक्या शेगडीच्या पुढची दोन बोटं रुंदीची पट्टी दाखवली. त्यात आडनावसुद्धा मावत नव्हतं. मोठीच्या झाकणावर मात्र नाव, गाव, 'सप्रेम भेट' आणि दोन्ही बाजूंना एकेक फूल, एवढं सगळं ऐसपैस बसत होतं. तिथेच सौदा ठरला. दुपारभर काकूंचं नाव घालायचं मशीन त्या झाकणावर टर्र टर्र करत होतं.

राखीच्या दिवशी टेम्पोतून शेगडी उतरली तेव्हा सगळी आळी जमली. यमुनाने भावाला ओवाळलं, राखी बांधली आणि शेगडीवरून दोनदा हात फिरवला. आपल्या डोळ्यांसाठी भावाने एवढं केलं, या विचाराने तिला भरून आलं.

"पेटवायची कशी, दादा?" तिने विचारलं.

"पुस्तकात सगळं लिहिलंय," सोपानशेट म्हणाला. पुस्तक चार भाषांत होतं. त्यातली एकही भाषा आळीत कुणाला येत नव्हती. सोपानशेट पुरणपोळी खाऊन, तृप्त होऊन घरी गेला.

त्यानंतर तीन आठवडे लेकीच्या लग्नाच्या बोलण्यांत आणि गणपतीच्या मांडवांच्या कामांत गेले. वळणाकडे जायला त्याला सवड झाली नाही. मग लेकीचे होणारे सासरे नामदेवराव आणि विहीणबाई पहिल्यांदाच गावी आले. व्याह्यांना बाक दाखवून झाला, टाकी दाखवून झाली. उरली शेगडी. "चला, माझ्या बहिणीच्या हातचं कणीस खाऊ," म्हणत सोपानशेटने त्यांना गाडीत घातलं आणि वाटेत शेगडीचं इतकं वर्णन केलं, की नामदेवरावांना वाटलं नवीन मोटारच घेतली असावी.

वळण आलं आणि सोपानशेटला आधी दिसला तो धूर. यमुना जुन्या कोळशाच्या शेगडीपुढे वाकून बसली होती. नवी शेगडी मागे छपराच्या कोपऱ्यात उभी होती. तिचं झाकण थोडंसं उघडं होतं आणि त्याच्या फटीत एक दगड अडकवला होता.

नामदेवरावांनी झाकणावरचं नाव मोठ्याने वाचलं आणि कौतुकाने झाकण वर केलं. आत गवताच्या गादीवर एक कोंबडी खुडूक बसली होती. तिने व्याह्यांकडे रागाने पाहिलं. खाली सात अंडी होती.

सोपानशेटची कानशिलं तापली. "यमे, ही काय दशा केलीस? पाहुण्यांपुढं माझं नाक कापलंस."

यमुनाने पदराने डोळे पुसले. "दादा, पेटवली की विझते आणि विझली की शिट्टी मारते. अकरा बटणांतलं कुठलं कशाचं, ते मला उमगत नाही. उंच एवढी, की मला पाटावर उभं राहून भाजावं लागतं. एकदा जोराचा वारा आला तर चाकांवर चालत थेट रस्त्यावर गेली. एस.टी. थांबली. ड्रायव्हरनं झाकण वाचलं नि म्हणाला, बाजूला व्हा उंबरकर."

विहीणबाईंना एकदम खोकला आला आणि त्या दरी बघायला गेल्या.

"मग मला सांगायचं नाही का?"

"एवढं नाव घालून दिलीस, कुठल्या तोंडानं सांगू? कुणाला द्यावी तर झाकणावर तू. कोंबडीला वाचता येत नाही म्हणून तिला दिली."

"तुला जमत नसेल. सोपी आहे," असं म्हणून सोपानशेटने बाह्या वर सारल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. यमुनाने कोंबडी गवत-अंड्यांसकट टोपलीत ठेवली. सोपानशेटने पहिलं बटण फिरवलं, तर आतला दिवा लागला. दुसऱ्याने घड्याळाचा काटा हलला. तिसऱ्याने शिट्टी झाली आणि टोपलीतली कोंबडी दचकून ओरडली. सातव्या बटणाने गॅस आला पण ठिणगी पडेना, नवव्याने ठिणगी पडली तर गॅस वाऱ्याने उडून गेला होता. घाम पुसत त्याने आत डोकावून दोन्ही बटणं एकदम फिरवली. भप्प असा आवाज झाला. सोपानशेट मागे सरला तेव्हा त्याची उजवी मिशी अर्ध्यावर आली होती, आणि शेगडी विझलेली होती.

नामदेवराव सज्जन होते. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून ते म्हणाले, "नाव मात्र ठळक आलंय."

सोपानशेटच्या जिभेवर उत्तर तयार होतं. दुकानदाराने फसवलं म्हणता आलं असतं. बहीण अडाणी म्हणता आलं असतं. व्याह्यांपुढे अब्रू राखायला दोन्ही सोयीचं होतं. तेवढ्यात यमुना पाहुण्यांसाठी कणसं भाजायला पुन्हा कोळशापुढे बसली. वारा फिरला आणि धुराचा लोट तिच्या तोंडावर आला. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि हात कणीस फिरवत होते. डॉक्टरने धूर बंद करायला सांगून महिना झाला होता. त्यातले तीन आठवडे हिने आपल्या शेगडीशेजारी बसून धूर खाल्ला, हे सोपानशेटच्या ध्यानात आलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली. मिशीची नाही, त्याहून खोल.

"नामदेवराव," तो म्हणाला, "हिची काही चूक नाही आणि दुकानदाराचीही नाही. मी शेगडी बघितलीच नाही. नाव कुठे बसतंय तेवढं बघितलं." मग तो बहिणीकडे वळला. "ऊठ यमे. आज मी भाजतो."

"तुला नाही जमायचं, दादा."

"ते तर आत्ताच सगळ्यांनी बघितलं. ऊठ."

पांढऱ्या स्वच्छ कपड्यांनिशी सोपानशेट कोळशापुढे मांडी घालून बसला. तेव्हा कुठे त्याला कळलं की हे काम बसून करायचं असतं, एक हात पंख्यात अडकतो, दुसरा कणसात, आणि लिंबामिठाची बोटं कशावरही ठरत नाहीत. त्याने चार कणसं भाजली. दोन कोळसा झाली, एक कच्चं राहिलं. चौथं दरीत गेलं. नामदेवरावांनी जळकं कणीस शेवटपर्यंत खाल्लं, कारण सोयरीक नवीन होती.

दुसऱ्या दिवशी यमुनाने कोळशाची शेगडी पेटवलीच नाही. भावाबहिणीने तालुक्याची एस.टी. धरली. मोठी शेगडी तूर्त कोंबडीकडेच राहिली, पिल्लं निघेपर्यंत तिला हलवायचं नाही असं ठरलं. गोदाकाकूंनी सोपानशेटची मिशी पाहिली आणि तिच्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. दुकान चालवायचं तर काही गोष्टी दिसून चालत नाहीत.

"यमे, ही बघ, हिला बटणं पाचच आहेत," सोपानशेटने सुरुवात केली.

"शेट, तुम्ही तिकडे स्टुलावर बसा," काकू म्हणाल्या. सोपानशेट बसला.

काकूंनी तीन शेगड्या जमिनीवर मांडून गॅसला जोडल्या. यमुना त्यांच्यापुढे मांडी घालून बसली. तिने पिशवीतून लिंबू, मीठ आणि एक कणीस काढलं. बोटं लिंबामिठात बुडवली आणि पहिल्या शेगडीचं बटण धरलं, तर बोट घसरलं. दुसरी पेटली. पण काकूंनी वाऱ्यासाठी टेबलावरचा पंखा तिच्याकडे वळवला आणि ज्योत मान टाकून गेली. तिसरी ती बुटकी, दोन बटणांची. एका हाताने एकदाच फिरवलं आणि पेटली. पंख्यापुढे ज्योत वाकली, थरथरली, पण विझली नाही.

यमुनाने कणीस जाळीवर ठेवलं आणि फिरवायला लागली. दाणे तडतडले, दुकानभर खमंग वास सुटला. सोपानशेट स्टुलावरून उठून जवळ आला आणि त्याला दिसलं की बहिणीचे डोळे गच्च मिटलेले आहेत.

"यमे, डोळे का मिटलेस?"

"भाजताना मिटूनच घेते मी. धुरात उघडे ठेवले तर दिवस निभत नाही. आवाजावरनं कळतं झालं की नाही."

"आठ वर्षं?"

"मग? कणसं काय थांबणार होती?"

सोपानशेट तिच्याशेजारी जमिनीवर बसला. "इथं धूर नाही, यमे. उघड डोळे."

यमुनाने आधी एक डोळा किलकिला केला. मग दुसरा. खाली निळी ज्योत होती, आणि वर कणसाचे दाणे एकेक करून सोनेरी होत होते. ती कितीतरी वेळ बघत राहिली. बघता बघता कणीस फिरवायचंसुद्धा विसरली.

"दादा," ती म्हणाली, "भाजताना कणीस असं दिसतं होय?"

तात्पर्य: भेट द्यायची तर आधी घेणाऱ्याच्या शेजारी बसून त्याचं काम बघावं. देणाऱ्याचा थाट चार दिवस मिरवतो, घेणाऱ्याची अडचण रोजची असते.